फोटोतल्या फुलापलीकडे: वेली गुलाब आणि वेलींबद्दल माझं रोखठोक मत

रोपवाटिकेत वेलीच्या पिशवीला जी चिठ्ठी लटकवलेली असते, तिच्यावर त्या वेलीचा वर्षातला सगळ्यात देखणा आठवडा छापलेला असतो. उरलेले एक्कावन्न आठवडे आपल्याला बघायचे असतात. म्हणून माझी परीक्षा फुलापासून सुरू होत नाही. वेल कशाने धरते, फूल नसताना कशी दिसते आणि कात्री लावली की रुसते की जोमाने फुटते, हे तीन प्रश्न आधी. फुलाचा नंबर चौथा.

माझी बाग गरम हवेतली, थंडी नावापुरती. ताईची बाग डोंगरावर, हिवाळ्यात सकाळी दहिवराने गवत पांढरं होतं अशा ठिकाणी. दोन्हीकडे कात्री माझ्याच हातात असते, कारण ताईला छाटणी म्हणजे क्रूरपणा वाटतो. त्यामुळे खालची मतं दोन्ही हवांतली आहेत, आणि पटली नाहीत तर भांडायला हरकत नाही.

आधी धरण्याबद्दल. डार्विनने १८६५ मध्ये वेलींच्या चढण्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यांचे गट पाडले: खोडानेच आधाराभोवती वळसे घेणाऱ्या, पानाच्या देठाने धरणाऱ्या, तणाव्यांनी, म्हणजे स्प्रिंगसारख्या धाग्यांनी, धरणाऱ्या, आकड्यांनी अडकणाऱ्या आणि मुळांनी चिकटणाऱ्या. दीडशे वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी रोप घेताना उपयोगी पडेल अशी याहून सोयीची विभागणी मला माहीत नाही. वळसे घेणारीला उभी काठी किंवा तार लागते. देठाने धरणारीला जाड खांब दिला तर ती त्याच्या पायाशीच लोळते. मुळांनी चिकटणारी आयव्ही आधार मागत नाही, पण भेगा पडलेल्या गिलाव्यात ती मुळं घुसवते आणि ओढून काढली की रंगाचे पोपडे सोबत नेते.

गुलाब आकड्यांच्या गटातला. त्याचे काटे खाली वळलेले असतात आणि रानात तो शेजारच्या झुडपात अडकत अडकत वर जातो. आपल्या गुळगुळीत भिंतीवर त्याला अडकायला काहीच नसतं. नावात ‘क्लाइंबिंग’ आहे म्हणून तो आपणहून चढेल या आशेवर लोक त्याला कोपऱ्यात लावून मोकळे होतात, आणि मग वर्षाने तक्रार करतात की गुलाब अंगणभर पसरला. बांधल्याशिवाय वेली गुलाब चढत नाही. ज्याला सुतळी घेऊन बसायचा कंटाळा आहे, त्याने गुलाबाच्या वाटेला न जाता सरळ मधुमालती लावावी.

माझ्या यादीत पहिला न्यू डॉन. फिकट गुलाबी, जवळजवळ मोत्याच्या रंगाचा, मध्यम आकाराचा, मंद वासाचा. हा मुद्दाम संकर करून काढलेला वाण नाही. १९१० च्या ‘डॉ. डब्ल्यू. व्हॅन फ्लीट’ या वर्षातून एकदाच फुलणाऱ्या गुलाबाच्या झाडावर एक फांदी वेगळी निघाली; ती पुन्हा पुन्हा फुलत राहिली. तिच्यापासून हा वाण झाला, १९३० मध्ये बाजारात आला आणि १९३१ मध्ये अमेरिकेत वनस्पतीला मिळालेलं पहिलंवहिलं पेटंट याच्या नावावर लागलं. १९९७ मध्ये जागतिक गुलाब संघटनेने त्याला आपल्या मानाच्या यादीत घेतलं. हे मानसन्मान बाजूला ठेवले तरी माझं मत बदलणार नाही, कारण याची पानं. चकचकीत, गर्द, बारीक, आणि इतर गुलाबांवर काळे ठिपके पडून पानगळ सुरू होते तेव्हाही बऱ्यापैकी शाबूत. फूल नसलेल्या महिन्यातही कमान हिरवी दिसते.

त्याचा दोष म्हणजे काटे. न्यू डॉनच्या फांद्या बांधायला गेलं की एक बाही सोडवेपर्यंत दुसरी अडकते. काटा आत शिरतो तो पुढच्या बाजूने आणि आपण सवयीने हात मागे ओढतो, तिथेच फसतो. हात आधी फांदीच्या बुंध्याकडे सरकवायचा, मग बाहेर काढायचा. दुसरा दोष आकाराचा. पंधरा-वीस फूट ही त्याची सहज वाढ आहे. बाल्कनीतल्या कुंडीत लावून दरवर्षी निम्मा कापत बसायचं असेल तर तो घेऊ नये.

एक गोष्ट याच्या पानांवरूनच कळली पाहिजे. गुलाबाच्या खाली फुटलेल्या फांदीला सात पानं दिसली की ती खुंटाची, म्हणजे ज्या झाडावर कलम केलं त्याची, कापून टाका, असं सर्रास सांगतात. न्यू डॉनच्या एका पानात सात-सात पर्णिका, म्हणजे पानातली छोटी पानं, असतातच. हा नियम लावून चांगल्या फांद्या उडवलेल्या मी पाहिल्या आहेत. फुटवा खुंटाचा आहे की नाही हे पर्णिका मोजून ठरत नाही, तो कुठून निघालाय यावरून ठरतं. माती बाजूला करा. डोळा भरलेल्या, म्हणजे कलम केलेल्या, जागेच्या खालून आला असेल तर खुंटाचा. आणि तो कात्रीने जमिनीलगत कापू नका, बुडातून उपटून काढा. कापला तर त्याच जागी दोन येतात.

दुसरा पिएर द रोन्सार. मेयाँ या फ्रेंच घराण्याचा, १९८५ चा, बऱ्याच ठिकाणी ‘ईडन’ नावानेही विकला जातो. सोळाव्या शतकातल्या फ्रेंच कवीचं नाव याला दिलंय आणि २००६ मध्ये हाही त्या मानाच्या यादीत गेला. फूल एवढं भरगच्च की मोजायला बसलं तर पाकळ्या संपत नाहीत. आत मलईसारखा पांढरा आणि कडेला गुलाबी. फुलाच्या वजनाने देठ वाकतो. झुडूप असतं तर याला मी दोष म्हटलं असतं; वेलीत हाच गुण. कमानीखाली उभं राहून वर बघितलं की फूल आपल्याकडे तोंड करून असतं, ताठ मानेच्या गुलाबाची मात्र हिरवी बूडंच दिसतात. कमानीसाठी गुलाब निवडताना हा मुद्दा फारसं कोणी सांगत नाही.

पण पिएर मला वर्षभर आवडत नाही. पाऊस लागून राहिला की बाहेरच्या पाकळ्या ओल्या होऊन एकमेकींना चिकटतात आणि कळी न उघडताच तपकिरी पडते. अशा कळ्या झाडावर ठेवण्यात काही अर्थ नाही, पण त्या काढतानाही जीव खालीवर होतो. वास अगदीच कमी. आणि त्याच्या जुन्या फांद्या अशा कडक होतात की वाकवायच्या तर कोवळ्या असतानाच, नंतर मोडतात. ताईच्या कोरड्या थंड हवेत तो राजा आहे, ओलसर जागी मी त्याची शिफारस करणार नाही.

वाकवण्याचा विषय निघालाच आहे तर तो नीट सांगते, कारण वेली गुलाबाचं अर्धं यश वाणात नसून यात आहे. फांदी सरळ वर जाऊ दिली की फक्त टोकाला फुलं येतात आणि ती शेजाऱ्यांच्या गच्चीवरून दिसतात. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली उतरतं आणि बाजूच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या जागांना, दाबून ठेवतं. तीच फांदी आडवी बांधली की शेंड्याचा हा वचक कमी होतो, आणि फांदीभर जितके डोळे तितके धुमारे सरळ वर उठतात. प्रत्येक धुमाऱ्याला फुलं. अगदी आडवी जमली नाही तरी तिरपी चालते. खांबावर चढवायचं असेल तर फांदी खांबाभोवती नागमोडी फिरवायची. भिंतीवर साधारण दीड-दीड फुटांवर आडव्या तारा, आणि तार भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे, म्हणजे मागून हवा खेळते. हवा खेळली की भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, निम्मी कमी.

फांदी जाळीच्या आतबाहेर विणायची नाही. कोवळी असताना फार सुबक दिसतं, पण पुढे तीच फांदी मनगटाएवढी होऊन जाळी फोडते, आणि छाटणीच्या वेळी तिला बाहेर काढताना तोंडातून जे शब्द निघतात ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. पुढच्या बाजूने ठेवायची, बांधायची.

आणि पहिली दोन-तीन वर्षं मुख्य फांद्यांना कात्री नको. वाळलेलं, मोडलेलं काढा, बस. विशेषतः झुडूपगुलाबाचा जो वेली प्रकार असतो, ज्याच्या नावाआधी ‘क्लाइंबिंग’ लावलेलं असतं, तो लहानपणीच जोरात छाटला तर पुन्हा झुडूप होऊन बसू शकतो.

या प्रकारातला क्लाइंबिंग आइसबर्ग मात्र डोळे झाकून घ्यावा. मूळ आइसबर्ग कोर्डेस या जर्मन घराण्याचा, १९५८ चा. वेली प्रकार १९६८ चा. पांढरा, घोसाने येणारा, जवळजवळ बिनकाटेरी. वासाच्या बाबतीत शून्याच्या जरासा वर. लोक याला सामान्य म्हणतात, कारण तो सगळीकडे दिसतो. सगळीकडे दिसतो याचं कारण तो मरत नाही. उलट क्लाइंबिंग पीस. मूळ पीस गुलाबाच्या प्रेमात पडून लोक त्याची वेल आणतात, आणि ती फांद्या, पानं, काटे सढळ हाताने देते, फुलं मात्र हातचं राखून. एवढी भिंत अडवून इतकी कंजुषी करणाऱ्याला माझ्याकडे जागा नाही.

लाल हवा असेल तर डॉन जुआन. १९५८ चा, काळपट मखमली लाल, आणि वास असा की सकाळी दार उघडलं की न बघता कळतं. आठ-दहा फुटांच्या वर फारसा जात नाही, म्हणून खांबाला उत्तम. गरम हवा सोसतो; कडाक्याच्या थंडीत ताईकडे मात्र दोनदा वरून जळाला. त्याच्या जवळपास मी आल्तिसिमो लावलाय, तोही लाल, पण एकेरी: सात पाकळ्या आणि मध्ये पिवळे केसर. भरगच्च गुलाबांची सवय झालेल्या पाहुण्यांना तो गुलाबच वाटत नाही. मधमाश्यांना वाटतो, कारण केसरापर्यंत पोचता येतं.

झेफिरीन द्रुआँबद्दल माझं मत बागेतल्या सगळ्या मैत्रिणींपेक्षा वेगळं आहे. १८६८ पासून लोक याच्यावर भाळतात: काटे नाहीत, रंग गडद गुलाबी, वास अप्रतिम, अर्धवट सावलीतही फुलतो. लहान मुलांची ये-जा असलेल्या दाराशी हाच लावा, असं जो तो सांगतो. पण भुरी आणि काळे ठिपके यांना हा इतका आवडतो की हवा जरा दमट झाली की बुडापासून नागडा. फवारण्या करत बसायची तयारी असेल तर जरूर घ्या. माझी नाही. बिनकाट्याचाच हवा तर लेडी बँक्स आहे.

लेडी बँक्स म्हणजे रोझा बँक्सिई, चीनकडचा. पांढरा दुहेरी प्रकार १८०७ मध्ये आणि पिवळा १८२४ मध्ये इंग्लंडात पोचला. इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स यांच्या पत्नीच्या नावावरून नाव पडलं. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या टूमस्टोन गावात १८८५ मध्ये लावलेला पांढरा लेडी बँक्स अजून जिवंत आहे. त्याचा मांडव आठ हजार चौरस फुटांहून जास्त जागा व्यापतो. हा आकडा मी मुद्दाम देतेय. चिठ्ठीवर बटणाएवढ्या पिवळ्या फुलांचा घोस बघून जो माणूस हा गुलाब खिडकीखाली लावतो, त्याला पुढे खिडकी शोधावी लागते. वर्षातून एकदाच, वसंतात फुलतो, तेही गेल्या वर्षीच्या लाकडावर. म्हणजे हिवाळ्यात हौसेने छाटला तर त्या वर्षी एकही फूल नाही. छाटायचा तो फुलं सरल्या सरल्या. या सगळ्यावरही मी त्याला पसंती देते, कारण गरम हवेत पानं बाराही महिने टिकतात, रोग जवळपास नाही, आणि जुनं शेड, पाण्याची टाकी, गंजका पत्रा असलं काहीही तो झाकून टाकतो.

आता वेली. इथे माझी लाडकी एकच, आणि तिच्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे.

मधुमालती. तिच्याकडे बघायचं ते तिन्हीसांजेला. दिवसभर लांब नळीच्या टोकाला मिटलेली, बाहेरून गुलाबट दिसणारी कळी अंधार पडायच्या सुमाराला उघडते आणि पाच पाकळ्या पांढऱ्या असतात. वास तेव्हाच सगळ्यात दाट. नळी बोटभर लांब, तिच्या तळाशी मध, आणि तिथपर्यंत पोचेल एवढी सोंड असलेले मोठे पतंग फुलासमोर हवेत थांबून पितात. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी, तिसऱ्या दिवशी लाल, आणि दरम्यान ते खाली झुकलेलं. मग दिवसा मधमाश्या आणि पक्षी येतात. म्हणजे एकाच घोसात पांढरी, गुलाबी, लाल अशी तिन्ही दिसतात ती तीन जातींची फुलं नाहीत, तीन वयांची आहेत. एका घोसाशेजारी खुर्ची टाकून एक संध्याकाळ बसलात तर कळी उघडताना प्रत्यक्ष दिसते, एवढा वेग तिला असतो.

ती चढते कशी हेही बघण्यासारखं आहे. खोडाने वळसे तर घेतेच, शिवाय पान गळलं की देठाचा बुडाकडचा भाग झाडावरच राहतो, कडक होतो आणि बोथट आकड्याचं काम करतो. जुनी वेल उतरवताना हातमोजे घाला ते याच्यासाठी. कात्रीला ती अजिबात रुसत नाही. कमरेएवढी कापली तरी हंगामात मांडव भरते, आणि नव्या फुटीवर फुलते म्हणून छाटणीने नुकसान होत नाही. दोष दोन. मुळांवरून चार-चार हातांवर फुटवे काढते, ते वेळीच उपटले नाहीत तर बाग तिची, आपण पाहुणे. आणि थंड हवेत पानं झडून नुसती काटक्यांची मोळी उरते. एकेरीपेक्षा दुहेरी फुलांची महाग मिळते. मला ती गच्च वाटते, नळीची नजाकत हरवते.

जुई हवीच, पण मांडवासाठी नाही. तिचं पान जवळून बघा: मधली पर्णिका मोठी आणि देठाशी दोन चिमुकल्या, कानांसारख्या. जुई म्हणून दुसरंच काही गळ्यात मारलं जातं तेव्हा हे कान उपयोगी पडतात. मला एका रोपवाटिकेने एकदा जुई सांगून भलतीच चमेली दिली होती, पानं बघूनच परत केली. जाईला पान संयुक्त, पर्णिका पाच-सात, फूल मोठं आणि कळीला गुलाबी झाक. दोघींना कडक छाटणी मानवते, दोघी अर्धवट सावलीत फुलांचा हात आखडतात. दोघींचा पसारा विस्कटलेला दिसतो हेही खरं. म्हणून त्या खिडकीजवळ, जिथे वास आत येईल आणि पसारा नजरेत भरणार नाही.

बोगनवेलीला लोक नावं ठेवतात, फुलाला वास नाही म्हणून. ज्याला आपण फूल म्हणतो ती रंगीत पानं आहेत, छदं. खरं फूल म्हणजे त्यांच्या मधली पांढरी बारीक नळी. तिचं नाव १७६६ ते १७६९ या काळात जगप्रदक्षिणा करणाऱ्या फ्रेंच मोहिमेच्या कप्तानाचं, बोगनव्हिलचं. त्याच मोहिमेत वनस्पतीशास्त्रज्ञ कॉमर्सनची सहायक झान बारे पुरुषाच्या वेशात होती, आणि जगाला फेरी मारणारी ती पहिली ज्ञात स्त्री. वेलीला तिचं नाव मिळालं असतं तर मला जास्त आवडलं असतं. असो. लाडावलेली बोगनवेल फुलत नाही. खत आणि पाणी भरपूर मिळालं की ती हिरवीगार होऊन बसते. माती कोरडी पडू द्या, पानं जराशी मलूल होऊ द्या, मग पाणी. रंगाचा डोंब उसळतो. मुळं हलवलेली तिला खपत नाहीत, म्हणून पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू देऊ नका. पायवाटेच्या कडेला मात्र नको, तिचे काटे गुलाबापेक्षा लांब असतात.

कृष्णकमळ मी फुलासाठी नाही, तणाव्यांसाठी लावते. तारेला धरलेला एखादा जुना तणावा निरखा. त्याची स्प्रिंग अर्ध्यापर्यंत एका दिशेने वळलेली असते, मध्ये थोडा सरळ तुकडा, आणि पुढे उलट दिशेने. दोन्ही टोकं पक्की असल्यावर एकाच दिशेने पीळ घालता येत नाही, म्हणून ही युक्ती. वाऱ्यात वेल ताणते, स्प्रिंग लांबते, तुटत नाही. फूल एक दिवसाचं. सुरवंट हिची पानं चाळणी करतात. ज्यांना फुलपाखरं हवीत त्यांनी तक्रार करू नये, ज्यांना नकोत त्यांनी दुसरी वेल बघावी. हीही मुळांवरून पसरते.

ताईच्या बागेतली मानकरी क्लेमाटिस. पानाचा देठच बोटासारखा तारेभोवती गुंडाळते, म्हणून आधार पेन्सिलीहून बारीक हवा. जॅकमनी हा जुना जांभळा वाण, १८६२ मध्ये पहिल्यांदा फुललेला, नवख्या माणसाने आधी तोच घ्यावा. हिवाळ्याच्या अखेरीला जमिनीपासून फूटभर ठेवून सगळा कापला तरी उन्हाळ्यात भिंत जांभळी करतो. मोठ्या फुलांच्या वाणांत एक बुरशी भरल्या वेलीला एका रात्रीत माना टाकायला लावते. वेल जमिनीलगत कापायची आणि वाट बघायची, बुडातून पुन्हा येते. त्यासाठीच लावताना रोप पिशवीतल्यापेक्षा दोन-तीन इंच खोल बसवायचं. बुंध्याशी सावली, डोक्याला ऊन. न्यू डॉनच्या पायाशी क्लेमाटिस ही माझी आवडती जोडी: गुलाबाच्या फांद्या तिला आयती शिडी, आणि गुलाबाचे उघडे पाय ती झाकते. गरम हवेत तिच्यामागे लागू नका, झुरते.

विस्टेरिया हा वादाचा विषय. भावोजींनी लाकडी पट्ट्यांची नाजूक कमान करून तिच्यावर विस्टेरिया चढवायचं ठरवलं तेव्हा मी म्हटलं, “भावोजी, पाइप लावा, नाहीतर ही कमान तिच्याच मिठीत मोडेल.” ते हसले. कमान आता लोखंडाची आहे. चिनी जात वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने वळसे घेते, जपानी घड्याळाच्या दिशेने. चिठ्ठी हरवली तर ओळखायला सोपं. बियांपासून केलेलं रोप फुलायला दहा-पंधरा वर्षं लावू शकतं, म्हणून कलमीच घ्यायचं, आणि जमलं तर फुलावर असताना. वर्षातून दोनदा छाटणी: उन्हाळ्यात लांब शेंडे पाच-सहा पानांवर, हिवाळ्यात तेच दोन-तीन डोळ्यांवर. शेंगा आणि बिया विषारी. एवढं करून दोन-तीन आठवडे फुलं. त्या आठवड्यांत ताई मला रोज फोटो पाठवते आणि मी रोज कबूल करते की सुंदर आहे. माझ्या जागेत तरीही नाही.

काही वेलींना दारातूनच परत पाठवावं. आइस्क्रीम वेल, म्हणजे अँटिगोनॉन, तिची गुलाबी फुलं गोड, मधमाश्यांची गर्दी, पण जमिनीत कंद. वरून कितीही कापा, खालून येते, आणि कितीतरी बेटांवर तिने रानं गिळली आहेत. निळी थनबर्जिया तशीच, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ती तण ठरली आहे. झाडांची, रानाची हद्द जवळ असेल तर या दोघी नकोतच. त्यांच्याऐवजी तात्पुरता आडोसा हवा तर गोकर्ण: बी रात्रभर भिजवा, दोन महिन्यांत जाळी भरते, शेंगवर्गातली असल्याने मुळांच्या गाठींतून नत्रही धरते, आणि कंटाळा आला तर उपटली की संपलं.

शेवटी बांधायच्या साहित्याबद्दल, कारण वाणावर खर्च करून लोक इथे हात आखडतात. प्लॅस्टिक चढवलेली बारीक तार दिसायला नीटनेटकी, पण फांदी फुगली की सालीत रुतते आणि पुढची फांदी वरून वाळते. मी ती बागेतून हद्दपार केली आहे. रबरी पट्ट्या उन्हात कडकडीत होऊन तुटतात. काथ्याची दोरी जाड आणि खरखरीत, खांबाला छान, कोवळ्या फांदीला नको. साधी सुतळी सगळ्यात बरी. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ, एक फेर फांदीभोवती, एक तारेभोवती, मध्ये पीळ, आणि फांदीच्या फेरात करंगळी शिरेल एवढी सैल. वर्ष-दीड वर्षात ती कुजते. कुजली की नवी बांधताना प्रत्येक फांदी हाताखालून जाते, आणि मावा, भुरी, खुंटाचा फुटवा जे काय असेल ते तेव्हाच सापडतं.